रॉयच्या खुर्चीत

डबीच्या पोटावरची पट्टी हळूच हिरवी झाली, तेव्हा लिबीच्या लक्षात आलं की मघापासून आपण ती मुठीत आवळूनच उभे आहोत. खसखस काढायला म्हणून फळीवरून उतरवली, झाकण उघडलं, आणि तशीच खिडकीशी थांबले... बाहेर तिचा मुलगा लुमिर पिकअप धूत होता. स्वच्छ असलेली पिकअप. माणूस स्वच्छ गाडी पुन्हा धुतो तेव्हा त्याला गाडी धुवायची नसते, एवढं कळायला शाळा लागत नाही.

पट्टीचं गुपित आर्लिसनं सांगितलं होतं. ट्रक चालवणाऱ्यांच्या तपासणीत अशी डबी देतात. माणसानं आत्ताच, आपल्याच अंगातून काढून दिलंय, की दुसऱ्या कुणाचं बाटलीतून आणून ओतलंय, ते ऊब लागून उमटणाऱ्या या हिरव्या ठिपक्यावरून ओळखतात. कुठल्याशा वर्गात आर्लिसला ती कोरी डबी नमुना म्हणून मिळाली, ती इथं विसरली, आणि लिबीनं ती उकळत्या पाण्यातून काढून तिच्यात खसखस भरली. झाकण घट्ट बसतं. चांगली वस्तू फेकणारी माणसं निराळी असतात. ती शेवटी भाड्याच्या घरात मरतात.

‘आई! लघवीच्या डबीत खसखस?’ पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आर्लिस खुर्चीवरून पडायची राहिली होती. ‘अगं, अर्धे ड्रायव्हर माझ्यासमोर बसून हेच सांगतात... बाई, मी कसल्याच गोळ्या घेतल्या नाहीत, आईच्या हातचे खसखशीचे कोलाच तेवढे खाल्ले, खसखशीनंच नशा दिसली तपासणीत. आणि तू सरळ डबीतच भरून ठेवलीस!’

ते हसणं गेल्या वर्षीचं. मार्चपासून या स्वयंपाकघरात कुणी तसं हसलं नव्हतं.

आणि आज आर्लिस आली होती. न सांगता, काखेत संगणक, हातात नेहमीची निळी पिशवी, जणू मधले महिने झालेच नाहीत. ‘शिकवणीचा शेवटचा भाग राहिलाय. तुझ्या टेबलावर बसू?’ लिबी म्हणाली, ‘टेबल कुठं पळालंय?’ एवढंच. पण कोलाचचं, त्या गोल गोड पावांचं, पहाटेपासून फुगत ठेवलेलं पीठ ओट्यावर होतं, झाकलेलं, दोघातिघांना पुरून उरेल एवढं... आर्लिसनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. शहाणी आहे. माझीच आहे.

दर तीन वर्षांनी ती अशी येते. तिचं काम असं की, नशा तपासणीत सापडलेला ड्रायव्हर तिच्यापुढे येऊन बसतो, ती त्याला विचारते, ऐकते, आणि त्यानं पुन्हा चाकामागे बसण्याआधी काय-काय करायला हवं ते ठरवते. आणि ज्यांनी दुसऱ्यांना असं जोखायचं, त्यांनी ठरल्या मुदतीत स्वतःही पुन्हा शिकायचं, नाहीतर त्यांचा अधिकार जातो. लिबीला हे पहिल्यापासून आवडलेलं. पाद्रीबुवांना असा नियम असता तर! तिची स्वतःची शाळा आठवीला संपली, माळावरच्या एका खोलीत. पण या टेबलावर, जिथं तिचा नवरा एमिल गुरांच्या गाडीवरून येऊन तोंड न धुता जेवायला बसायचा, तिथं तिची मुलगी शिकते. लिबी ओट्याशी पाठ करून उभी राहते आणि पाठीनं सगळं ऐकते. एकदा शेजारच्या अलोइसाबाईनं विचारलं होतं, पन्नाशीला आली तरी मुलीचं शिक्षण संपत नाही का गं? लिबी म्हणाली, तुझ्या मुलीचं चौथीत संपलं, कळलं सगळ्या गावाला.

संगणकातला मिशाळ माणूस बोलत होता. आवाज जेवण जिरलेल्या माणसासारखा.

‘...तुम्ही ड्रायव्हरचे वकील नाही. कंपनीचेही नाही. तुम्ही रस्त्यावरच्या त्या माणसाच्या बाजूनं बसता, जो समोरून येतोय आणि ज्याला यातलं काहीच माहीत नाही...’

आर्लिस टिपून घेत होती. लिबीनं पीठ थापलं, जरा जास्तच जोरानं. कुणाच्याच बाजूचं नाही, हे काय माणसाचं लक्षण झालं? मार्चमध्ये याच ओट्याशी हेच वाजलं होतं. लुमिरची तपासणी झाली, झोप उडवणाऱ्या गोळ्या सापडल्या, कंपनीनं ट्रक काढून घेतला. चाळिशी ओलांडलेला मुलगा दोन पिशव्या घेऊन आईच्या माडीवर राहायला आला. आणि लिबीला वाटलं, देवानं घरातच सोय करून ठेवलीय की.

‘तुझ्यापुढे बसव त्याला. घरचं धुणं घरात धुवावं.’

‘आई, सख्ख्या भावाला मी नाही तपासू शकत. नियम आहे.’

‘नियम काय तुझ्या बापानं केला?’

‘बापानं केला असता तर सगळ्यात आधी तुला घातला असता.’

मग लिबी जे बोलली ते बोलली. भाकरी कुणाची खाल्लीस, वगैरे. आईच्या तोंडाला काय, मागे फिरायची चालच नसते... आर्लिसनं निळी पिशवी उचलली आणि दार हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

आज सकाळी न्याहारीला लुमिर म्हणाला होता, मान खाली घालून, अंड्यातला बलक काट्यानं फोडत, ‘तीन वाजता कार्नीला जायचं होतं. ब्रॅडशॉ म्हणून आहे एक. आर्लिससारखंच करतो.’

‘आज?’ लिबी म्हणाली. ‘आज थडग्यांवर फुलं न्यायचीत.’

‘ती सोमवारी, स्मरणदिनाला नेतात ना?’

‘सोमवारी नेणारे लोकांना दाखवायला नेतात. पिओनी उमललीयत, ती काय तुझ्या ब्रॅडशॉची वाट बघणारेत? मला कोण नेणार? मी चालवू?’

त्यानं काटा खाली ठेवला. म्हणाला, ‘आजचं चुकलं तर पुढची वेळ जूनच्या शेवटी आहे. मालक श्टानेक जूनच्या एक तारखेपर्यंतच गाडी राखून ठेवणार आहे माझी. आज निदान सुरुवात झाली म्हटलं, तर आणखी थांबेल म्हणालाय.’ लुमिरच्या मानानं हे भाषणच झालं. लिबीनं त्याच्या ताटात आणखी एक अंडं वाढलं. आणि तो म्हणाला, ‘बरं.’

बरं. लहानपणापासून त्याचं हेच. दूध पी — बरं. आर्लिसला खेळणं दे — बरं. बायको सोडून गेली तेव्हा लिबी म्हणाली, गेली तर गेली, ती होतीच तसली. लुमिर म्हणाला, बरं. गावात सगळ्यांना सांगत आलेय मी, माझ्या लुमिरनं उलट उत्तर म्हणून कधी दिलं नाही... तर आता कॉफीच्या चार डब्या चांदीचा कागद गुंडाळून, पाणी भरून, पिओनी ठेवून तयार होत्या ओसरीवर, आणि त्या टपोऱ्या गुलाबी कळ्यांवर नेहमीच्या मुंग्या चढत-उतरत होत्या, आणि स्वच्छ गाडी पुन्हा धुतली जात होती.

का? लिबीनं खसखशीत मध घातला, ढवळलं. मुलानं सुटावं असं काय मला वाटत नाही? पण कार्नीचा कोण कुठला माणूस, त्याच्यापुढे एमिल व्होन्द्राच्या मुलानं टोपी काढून बसायचं, आणि घरात, याच टेबलाला, त्याच कामाची शिकली-सवरली बहीण... आर्लिसनं मनात आणलं तर काहीतरी वाट निघेल. निघायलाच हवी. आज चुकलं तर निघेल. असं काहीसं होतं डोक्यात. नीट मांडून पाहिलं नव्हतं. मांडून पाहिल्या की काही गोष्टी उभ्या राहत नाहीत.

‘आई, हात मोकळे आहेत?’

‘दिसत नाही का?’

‘पीठ असू दे. सरावाला माणूस हवंय. घरातल्या कुणाला तरी ड्रायव्हर करा आणि पहिली मुलाखत घ्या, असं सांगितलंय.’ आर्लिसनं चष्मा वर सरकवला. ‘लुमिरला नाही बसवता येणार. राहिलीस तू.’

‘उरलंसुरलं म्हणून मी.’

‘बसतेस ना?’

लिबीनं भरलेले कोलाच भट्टीत सारले आणि बसली. एमिलच्या खुर्चीत, मुद्दाम. हात एप्रनला पुसले. आर्लिसनं कागदावरून वाचलं, ‘तुम्ही रॉय. सेहेचाळीस वर्षांचे. गुरांची गाडी चालवता. तपासणीत झोप उडवणाऱ्या गोळ्या सापडल्या.’

‘मला तुम्ही म्हणतेस?’

‘रॉयला म्हणतेय. आईला अगं-तुगंच.’ आणि मग काय झालं कुणास ठाऊक, आर्लिसचा चेहरा बदलला. कडक नाही झाला. लिबीला वाटलं होतं कडक होईल. उलट मोकळा झाला, आवरलेल्या खोलीसारखा. ‘मिस्टर रॉय, आज इथं का आलात, तुमच्या शब्दांत सांगाल?’

‘मुतलो, ते पास झालं नाही.’

आर्लिसनं ओठ चावला. ‘आणखी?’

‘आणखी काय? कंपनीनं धाडलं. नाहीतर तुझं तोंड बघायला कोण येतंय?’

‘खरंय. आपणहून सहसा कुणी येत नाही.’ तिनं टिपून घेतलं.

लिबी थबकली. पायरी आहे म्हणून पाय खाली टाकावा आणि सपाट जमीन लागावी, तसं झालं. टोला परत आलाच नाही. तीस-पस्तीस वर्षं या मुलीशी बोलणं म्हणजे टोलाटोली, आणि आता ती नुसती बघत होती, पुढचं ऐकायला.

‘गोळ्या कधी घेता?’

‘लांबचा पल्ला असला की.’ हे लिबीला ठाऊक होतं, हे तिचं अंगण. ‘गुरं म्हणजे काय बटाट्याची पोती नव्हेत, बाई. उभी राहून दमली की बसतात, आणि बसलं की बाकीची तुडवतात. थांबून चालत नाही. टेकड्यांतून निघालो की गुरांच्या कोंडवाड्यापर्यंत डोळा लावायचा नाही. गोळी घेतली नाही तर गाडी खड्ड्यात, घेतली तर मी खड्ड्यात. सांग, काय करू?’

रॉय चांगला जमत होता. लिबीला मजा यायला लागली. ती खुर्चीत रेलली, पाय फाकवून, एमिलसारखी. आर्लिसच्या डोळ्यांत हसू होतं, ते तिनं आतच ठेवलं.

‘झोप कशी लागते?’

‘मस्त. लाकडासारखा...’

आणि लिबी अडली. कारण रॉय नव्हता तिच्या डोळ्यांपुढे, लुमिर होता, आणि लुमिरची माडीवरची खाट. सकाळी केव्हाही जा, चादर घडी मोडली नसावी अशी ताणलेली. आपल्या वळणाचं फळ म्हणून त्या चादरीकडे ती अभिमानानं बघायची. पण ती चादर आवरलेली असते की... मुळात मोडलेलीच नसते?

‘मिस्टर रॉय?’

‘लागते म्हटलं ना.’

‘बरं. गाडीत एकटे असता, पुढे-मागे कुणी नसतं, तेव्हा मनात काय येतं?’

हा काय प्रश्न झाला? लिबीला हसावंसं वाटलं. गुरं येतात मनात, रस्ता येतो, जेवण येतं... रॉयच्या तोंडून काहीही ठोकून देता आलं असतं. पण ती खुर्चीत बसून शोधत राहिली, खरंच शोधत राहिली. तिला लुमिरच्या बुटाचं माप ठाऊक होतं. डाव्या कानामागचा व्रण कशाचा ते ठाऊक होतं. कोलाचमधले बेदाणे वेचून ताटाच्या कडेला लावतो, कुंपणाची तार पिळताना नाकातल्या नाकात गुणगुणतो, एकटाच असला की मांजरीशी बोलतो... मी आई आहे, मला सगळं ठाऊक आहे. आणि आत, जिथं त्याचा आवाज असायला हवा तिथं जाऊन ती उभी राहिली, हाक मारली, तर एकच शब्द परत आला.

‘बरं,’ लिबी म्हणाली. मोठ्यानं निघालं.

आर्लिसची पेन्सिल थांबली नाही. हे उत्तर रॉयचं नव्हतं, आणि कुणाचं होतं ते तिनं ओळखलं, हे लिबीला दिसलं. एमिल गेला तेव्हा दिसलेली ती मानेवरची शीर आताही फुगली होती. पण आवाज तसाच, समोरच्या कुणा परक्यासाठी असावा तसा.

‘मिस्टर रॉय, तुम्ही बरं म्हणता, तेव्हा तुम्हाला काय म्हणायचं असतं?’

आणि बघत राहिली.

संगणकातला मिशाळ माणूस तोंड अर्धं उघडं ठेवून थिजला होता. फ्रिज घरघरत होता. दूर रुळांवरून कोळशाची गाडी निघाली होती, ती काही संपेना. आर्लिस बघत होती. माझेच डोळे, करडे, आर्लिसला ते माझ्याकडून आले. पण मी असं कुणाकडे कधी बघितलंय? मी विचारते, आणि विचारता विचारताच उत्तर वाढून मोकळी होते. जेवलास ना? बरा आहेस ना? गेली ते बरंच झालं ना? हिनं प्रश्न टेबलावर ठेवला आणि हात काढून घेतला. दयाही नाही, थप्पडही नाही. लिबीला आत्तापर्यंत हा कोरडेपणा वाटत आला होता... आणि या कोरड्या मुलीसमोर आपल्याला सगळं सांगून टाकावंसं का वाटतंय? एमिल गेल्यापासून मला तरी कुणी असं विचारलंय?

‘मला नाही माहीत, पोरी,’ लिबी म्हणाली. हा रॉय नव्हता.

आर्लिसनं पेन्सिल ठेवली. मग विचारलं, ‘रॉयला पाणी देऊ?’

‘रॉयला कॉफी दे. पाण्यानं काय होतंय?’

दोघी हसल्या. आणि हसता हसता लिबीला ती दुसरी गोष्ट दिसली, ओल्या फडक्याखालून उंदीर निघावा तशी. लुमिर कार्नीला गेला, तर त्या माणसापुढे बोलेल. आपल्याला जे चाळीस वर्षांत ऐकायला मिळालं नाही, ते एका दुपारी, एका परक्याला. पिओनी, थडगी, एमिलचं नाव... सगळं त्याच्यावरचं चांदीच्या कागदाचं वेष्टण. मत्सर वाटत होता मला. या वयात, एका न पाहिलेल्या माणसाचा.

तिनं उठून कॉफी ओतली. पाठ करून विचारलं, ‘तो कार्नीचा ब्रॅडशॉ. कसा आहे?’

मागे खुर्ची वाजली. आर्लिस फार जपून बोलली. ‘चांगला आहे. जवळजवळ मुका.’

‘मुका माणूस काय विचारणार, डोंबल?’

‘तेच तर. एकदा विचारतो आणि बसून राहतो. मला अजून तेवढं जमत नाही, माझी शिकवणी चाललीय अजून.’ मग हळू, ‘आई, का विचारतेस ते मला सांगू नकोस. मला कळायला नको ते. पण...’

‘पण काय?’

‘काही नाही. कोलाच जळतायत.’

जळत नव्हते. पण लिबीनं भट्टी उघडून पाहिलं, बराच वेळ पाहिलं; गरम वाफ चेहऱ्यावर घेतली, म्हणजे डोळ्यांचं कुणाला काही सांगायला लागत नाही. मग चार कोलाच, एकही बेदाणा नसलेले, फडक्यात बांधले, बाकीचे आर्लिससमोर ठेवले, आणि जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला म्हणजे टेकवला, खुर्चीचा आधार घ्यावा तसा. आर्लिसनं मान हलवली नाही.

‘शीक,’ लिबी म्हणाली. ‘टेबल कुठं पळत नाही.’

बाहेर लुमिरनं पिओनीच्या डब्या पिकअपमध्ये मागे रचल्या होत्या, पाणी सांडू नये म्हणून मध्ये पोती खुपसून. एक डबी मावेना, ती लिबीनं पुढे बसून गुडघ्यांत धरली. दोन वाजायला आले होते. लुमिरनं दाढी केली होती, तिनं आत्ता पाहिलं, इस्त्रीचा शर्ट. थडग्यांसाठी कुणी इस्त्री करतं?

गाडी धान्याच्या कोठारावरून गेली, पेट्रोलपंपावरून गेली. लिबी बोलली नाही. हे सोपं नव्हतं. मक्याचे कोंब कसे आलेत, अलोइसानं ओसरीला कसला रंग फासलाय, तुझी कॉलर वाकडी झालीय... शब्द दाताशी येऊन उभे राहत होते, आणि ती त्यांना माघारी धाडत होती, एकेकाला, कोंबड्यांसारखं.

गावाबाहेर रस्ता फुटतो तिथं लुमिरनं गाडी थांबवली. डावीकडे टेकाडावर थडगी, देवदारांच्या आत. उजवीकडे महामार्ग, कार्नीकडे. लिबीची हनुवटी या फाट्यावर नेहमी आपोआप डावीकडे वळायची, आणि तेवढ्यावर चालवणारा वळायचा. आधी एमिल, मग लुमिर. लुमिरनं तिच्या हनुवटीकडे पाहिलं. ती हलली नाही.

‘डावीकडेच ना, आई?’

‘तुला कुठं जायचंय?’

तो हसला, काहीतरी चुकून ऐकल्यासारखा. ‘फुलं आहेत ना.’

‘फुलं कुठंही फुलंच असतात. मी विचारलं, तुला कुठं जायचंय?’ आणि लिबीनं प्रश्न तिथं ठेवला, दोघांच्या मध्ये, सीटवर, कोलाचच्या फडक्याशेजारी. आणि हात काढून घेतला.

इंजिन धडधडत होतं. मागून कुणी आलं नाही. एक मुंगी कळीवरून उतरून तिच्या मनगटावर आली, नसेच्या कडेकडेनं चालू लागली. तिला झटकावंसं वाटत होतं, पण झटकलं असतं तर हात हलला असता, आणि हात हलला असता तर तोंडही. मुंगी बाहीत शिरली. लुमिरचे दोन्ही हात चाकावर होते. त्यानं श्वास घेतला, तोंड उघडलं. आणि लिबी, इतकी वर्षं त्याच्या आधी ‘बरं’ ऐकून टाकणारी, पुढचा शब्द कुठला असेल ते खरंच ठाऊक नसताना, त्याच्याकडे बघत बसून राहिली.